वाचक विचारतात : नवा क्वार्टरबॅक ऑगस्टमध्ये कसा जोखावा?

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, खरा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो. त्याआधी ऑगस्टमध्ये प्रत्येक संघ साधारण तीन हंगामपूर्व सामने खेळतो. त्यांचे गुण कुठेच धरले जात नाहीत, पण नव्या क्वार्टरबॅकविषयीची, म्हणजे चाल सांगून पास फेकणाऱ्या खेळाडूविषयीची, मतं मात्र याच दिवसांत पक्की होतात. या वेळचे सगळे प्रश्न त्याच विषयावरचे आहेत.

प्रश्न : आमच्या संघाच्या नव्या मुलाने पहिल्या हंगामपूर्व सामन्यात १२ पैकी १० पास पूर्ण केले, वर दोन टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं). तो तयार झाला असं समजायचं का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : एवढ्यावरून नाही. हे पास कोणासमोर फेकले गेले, ते आधी बघा. ऑगस्टमध्ये प्रत्येक संघाकडे ९० खेळाडू असतात आणि हंगामासाठी त्यातले ५३ ठेवतात. म्हणजे समोरच्या संघातल्या ३७ जणांचा महिनाअखेरीस पत्ता कटणार असतो, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये मैदानावर बरेचसे तेच दिसतात. पहिल्या फळीचे बचावपटू एखाद-दोन ड्राइव्ह (सलग चालींचा एक डाव) खेळून बाजूला जातात, कधी कधी तर उतरतच नाहीत.

सामन्याआधी प्रतिस्पर्ध्यांचा डेप्थ चार्ट, म्हणजे खेळाडूंची पसंतीक्रमाची यादी, उघडा आणि पहिल्या रकान्यातल्या अकरा बचावपटूंचे जर्सी क्रमांक कागदावर उतरवून घ्या. तुमचा क्वार्टरबॅक खेळत असताना त्यातले किती जण समोर आहेत ते मोजा. सात-आठ असतील तर त्या ड्राइव्हला वजन द्या. दोन-तीनच असतील तर टचडाउनचा आनंद घ्या, निष्कर्ष मात्र काढू नका.

दुसरं असं की ऑगस्टमधला बचाव मुद्दाम साधा ठेवलेला असतो. ठेवणीतले ब्लिट्झ, म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा माणसं धाडण्याचे डाव, इथे कोणी दाखवत नाही, कारण हंगामातला पहिला प्रतिस्पर्धी याच सामन्यांची चित्रफीत बघून तयारी करणार असतो. २०१८ मध्ये बफेलो बिल्सच्या नेथन पीटरमनने हंगामपूर्व सामन्यांत ८० टक्क्यांच्या आसपास पास पूर्ण केले आणि पहिल्या सामन्यासाठी जागा मिळवली. त्या सामन्यात बाल्टिमोरसमोर त्याचे १८ पैकी ५ पास पूर्ण झाले, २४ यार्ड मिळाले आणि दोन इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने मधेच पकडलेले पास) गेले. उलटं उदाहरण ह्यूस्टनच्या सी. जे. स्ट्राउडचं. २०२३ च्या पहिल्या हंगामपूर्व सामन्यात त्याने ४ पैकी २ पास पूर्ण केले, यार्ड फक्त १३ आणि एक इंटरसेप्शन. पुढे त्याच वर्षी त्याने ४,१०८ यार्ड आणि २३ टचडाउन फेकले, इंटरसेप्शन अवघे ५, आणि आक्रमणातल्या सर्वोत्तम रुकीचा (पहिल्या वर्षाच्या खेळाडूचा) मान पटकावला. संघाच्या निकालांचीही हीच गत. २००८ चा डेट्रॉइट लायन्स आणि २०१७ चा क्लीव्हलँड ब्राउन्स, दोघांनी तेव्हाचे हंगामपूर्व चारही सामने जिंकले आणि हंगामातले सोळाच्या सोळा हरले.

प्रश्न : मग बघायचं तरी काय? टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागेच धावतो. (पुणे)

उत्तर : चेंडू हातातून सुटेपर्यंत क्वार्टरबॅकवरची नजर हलवू नका. पास पकडला की सुटला हे समालोचक सांगेलच.

एक वही आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच घ्या. सामना रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी बघितलात तर जास्त बरं. नाहीतरी संध्याकाळी सातला न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला सामना पुण्यात पहाटे साडेचारला लागतो. पास फेकण्यासाठी तो मागे सरकला की प्रत्येक वेळी वहीत एक ओळ लिहा: कितवा डाउन (दहा यार्ड मिळवायच्या चार प्रयत्नांपैकी कितवा) व किती यार्ड हवेत, स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन चाल सुरू होण्याच्या) वेळी चालीच्या घड्याळात किती सेकंद उरले, स्नॅपनंतर किती सेकंदांत चेंडू सुटला, पाहिला तो पहिला रिसीव्हर (पास झेलणारा) की दुसरा-तिसरा, चेंडू नेमका कुठे पोचला.

घड्याळापासून सुरुवात का? कारण नवखेपणा सगळ्यात आधी तिथे उघडा पडतो. दोन चालींमध्ये ४० सेकंद मिळतात. प्रशिक्षकाचा आवाज हेल्मेटमधल्या रेडिओतून येतो आणि घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. पुढे जे करायचं ते एकट्याने. कॉलेजात पुष्कळ मुलं हडलशिवाय (चालीआधी घोळका करून बोलण्याशिवाय), बाजूच्या इशाऱ्यांवर खेळलेली असतात. इथे दहा-बारा शब्दांची चाल हडलमध्ये दहा जणांना न अडखळता सांगावी लागते. संघ १५ ते १८ सेकंद शिल्लक असताना चेंडूच्या रेषेवर उभा राहिला तर त्याला बचाव वाचायला वेळ मिळतो. प्रत्येक स्नॅप एक-दोन सेकंदांवर येत असेल तर गृहपाठ कच्चा आहे, आणि समोरच्यांना स्नॅपची वेळही आयती कळते. वेळ संपली तर पाच यार्डांचा दंड.

मग पाय. शॉटगन रचनेत तो सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्याच्या) पाचेक यार्ड मागे उभा असतो आणि तीन पावलं घेतली की सात-आठ यार्डांवर थांबतो. झटपट पास दोन सेकंदांच्या आत सुटायला हवा, मधल्या अंतराचा अडीच ते पावणेतीनमध्ये. तीनच्या पुढे वारंवार जात असेल तर सॅक होणारच (चेंडू हातात असतानाच तो पाडला जाणार), पुढची संरक्षक लाइन कितीही चांगली असली तरी. आता दबाव आल्यावर तो कुठे सरकतो ते पाहा. लाइनच्या टोकाचे दोन संरक्षक, म्हणजे टॅकल, बाहेरून येणाऱ्याला वळसा घालायला लावून क्वार्टरबॅकच्या मागून काढून देतात. त्यांचा सगळा हिशेब क्वार्टरबॅक सात-आठ यार्डांवर उभा असेल असा असतो. घाबरून तो दहा यार्डांपर्यंत मागे गेला तर टॅकलने बरोबर काढून दिलेला माणूस थेट त्याच्या अंगावर येतो. दिसायला ही टॅकलची चूक, असते मात्र क्वार्टरबॅकची. जाणता मुलगा अशा वेळी एक-दोन पावलं पुढे, मधल्या पोकळीत सरकतो आणि नजर मैदानावरच ठेवतो. नजर खाली, धावून येणाऱ्यांकडे गेली की समजा, त्याच्या डोक्यातली चाल तिथेच संपली.

एक नमुन्याची चाल जवळून बघू. तिसरा डाउन, सात यार्ड हवेत. समोर दोन सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) बारा यार्डांवर उभे. डावीकडे स्लँट आहे, म्हणजे रिसीव्हर तिरका आत येणार. उजवीकडचा रिसीव्हर आठ यार्ड जाऊन उलटा वळणार. स्नॅप होताच एक सेफ्टी मागे मधोमध पळतो आणि दुसरा खाली उतरून बरोबर स्लँटच्या वाटेत उभा राहतो. कच्च्या मुलाने डावीकडे फेकायचं स्नॅपआधीच ठरवलेलं असतं; तो फेकतो आणि चेंडू त्या सेफ्टीच्या छातीवर जातो. शिकलेला मुलगा तिसरं पाऊल टेकताना उतरलेला सेफ्टी बघतो. मागे आता एकच उरला, म्हणजे कॉर्नरबॅक (कडेचे बचावपटू) खोल गेले असणार, म्हणजे उजवीकडचा वळणारा रिसीव्हर मोकळा. मग आधी पाय उजवीकडे वळतात, खांदे त्यामागून, आणि अडीच सेकंदांच्या आत चेंडू जातो. तो पास रिसीव्हरच्या हातातून निसटला तरी वहीत त्याला पूर्ण गुण द्या. चुकीच्या ठिकाणी फेकलेला पास नशिबाने पकडला गेला तर त्याला शून्य.

चेंडू पोचला कुठे हेही लिहा, पकडला गेला एवढंच नव्हे. स्लँटवर तो छातीसमोर, धावण्याच्या दिशेने हवा. मागच्या खांद्यावर आला तर रिसीव्हर पकडतो खरा, पण थबकतो आणि तिथेच पाडला जातो. कागदावर दोन्ही पास पूर्णच. तसंच चेंडूच्या रेषेमागे दिलेला आखूड स्क्रीन पास, किंवा आठ यार्ड हवे असताना फेकलेला चार यार्डांचा पास. टक्केवारी सुंदर दिसते आणि चेंडू पुढच्या चालीला पंट होतो, म्हणजे लाथेने प्रतिस्पर्ध्याकडे जातो. सतत वरून जाणारे पास दिसले तर त्याचं पुढचं पाऊल बघा, ते बहुधा लांब पडत असतं. आखूड पडत असतील तर फेकताना अंग मागे झुकतंय.

तीन सामन्यांच्या वहीत मिळून ४० ते ६० ओळी होतील, म्हणजे जेमतेम एक-दीड पूर्ण सामन्यांएवढ्या. म्हणून बेरजेपेक्षा क्रम महत्त्वाचा. पहिल्या सामन्यातली चूक तिसऱ्या सामन्यात पुन्हा झाली का? प्रगती म्हणजे तेच. चुका नव्या असाव्यात, जुन्या नकोत.

प्रश्न : इंटरसेप्शन म्हणजे क्वार्टरबॅकचीच चूक ना? (नागपूर)

उत्तर : दर वेळी नाही. पुन्हा चालवून बघा आणि तीन खणांत टाका. रिसीव्हरच्या हातून उडालेला चेंडू त्याच्या नावावर धरू नका. रिसीव्हर एकीकडे वळला आणि चेंडू दुसरीकडे गेला, तर दोघांपैकी कोण चुकला हे बाहेरून कळत नाही; त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवा. तिसऱ्या खणातले मात्र काळजीचे. त्यात मधल्या फळीचा लाइनबॅकर पासच्या वाटेत सरकलेला त्याला दिसलेलाच नसतो, किंवा स्नॅपपासून तो एकाच रिसीव्हरकडे टक लावून असतो आणि सेफ्टी त्याच्या डोळ्यांवरून चेंडूची वाट ओळखतो. तरीही निराश व्हायची घाई नको. पेटन मॅनिंगने १९९८ च्या पहिल्या हंगामात २८ इंटरसेप्शन दिले, संघाचे ३ विजय, १३ पराभव. पुढच्या वर्षी तोच संघ १३–३ (१३ विजय, ३ पराभव).

प्रश्न : दोन संघांच्या एकत्र सरावाच्या बातम्या येतात. त्यांना किंमत द्यावी का? (बे एरिया)

उत्तर : द्यावी, पण कशासाठी ते ठरवून. तिथे पहिली फळी पहिल्या फळीसमोर उतरते आणि बचावही अवघड डाव टाकतो, त्यामुळे वाचन आणि अचूकता यांची परीक्षा सामन्यापेक्षा कडक होते. मात्र क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी, बहुधा लाल, असते आणि त्याला पाडायला मनाई असते. दबावाखाली पाय कसे वागतात हे तिथे कळत नाही. त्यासाठी सामनाच हवा.

प्रश्न : नव्या मुलाला लगेच खेळवावं की बसवून शिकवावं? (ठाणे)

उत्तर : त्याच्यापुढची लाइन आणि त्याची वही बघून ठरवावं, वय आणि ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला) क्रमांक बघून नव्हे. पॅट्रिक माहोम्स २०१७ मध्ये दहाव्या क्रमांकावर निवडला गेला, पण वर्षभर ॲलेक्स स्मिथच्या मागे बसला आणि हंगामाच्या शेवटच्या सामन्यात काय तो खेळला. पुढच्या वर्षी ५० टचडाउन आणि एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा मान. जॉर्डन लव्ह ॲरन रॉजर्सच्या मागे तीन वर्षं थांबला. त्याच्या पहिल्या वर्षी, २०२० मध्ये, तर कोविडमुळे हंगामपूर्व सामनेच रद्द झाले होते. डॅक प्रेस्कॉट २०१६ मध्ये चौथ्या फेरीत आला, टोनी रोमोला हंगामपूर्व सामन्यात दुखापत झाली म्हणून पहिल्या दिवसापासून खेळला, आणि डॅलस १३–३ गेला. त्याच्यापुढे त्या काळातली उत्तम लाइन होती. २०१७ च्या क्लीव्हलँडमध्ये डेशोन कायझरला तशी साथ नव्हती. ऑगस्टमध्ये त्याने जागा जिंकली आणि हंगामात २२ इंटरसेप्शन दिले, त्या वर्षीचे सर्वाधिक. आमच्या मते त्याला त्या वर्षी खेळवायलाच नको होतं.

प्रश्न : आमचा पंधरा वर्षांचा मुलगा शाळेच्या संघात पहिल्यांदाच क्वार्टरबॅक झालाय. सराव सामन्यांत त्याचं काय बघू? मला खेळातलं फार कळत नाही. (ह्यूस्टनजवळून एक आई)

उत्तर : ताई, तुम्हाला बघता येईल. मोबाइल घेऊन शक्य असेल तेव्हा एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या) मागे, त्याच्या पाठीच्या रेषेत उभ्या राहा आणि स्लो मोशनमध्ये चित्रण करा. पुढचं पाऊल जिथे चेंडू जायचाय तिकडे पडतं का, आणि फेकल्यावर तो दोन्ही पायांवर तोल सांभाळून उभा राहतो का, एवढंच पाहा. प्रशिक्षकांना विचारा, "या महिन्यात त्याच्या कोणत्या दोन गोष्टी सुधारायच्या आहेत?" आणि घरी त्या दोनच गोष्टींबद्दल बोला. आकडे विचारू नका. या वयात रिसीव्हरही बरेच पास सोडतात. फेकींची संख्या आठवड्यागणिक हळूहळू वाढवावी. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा खांद्याला दुखू लागलं तर त्या दिवशी फेकणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. "गरम झालं की बरं वाटतं" हे त्याचं म्हणणं ऐकू नका. ऑगस्टमधलं टेक्ससचं ऊन फार कडक असतं. सरावाला निघताना तहान लागायच्या आधीपासून पाणी प्यायची सवय लावा. आणि हडलमधून निघताना बाकीची मुलं त्याच्याकडे बघून ऐकतात का, हे बाजूला बसूनही दिसतं. क्वार्टरबॅकच्या बाबतीत ते फार महत्त्वाचं आहे.

प्रश्न : ५३ मध्ये नाव आलं नाही तर त्या मुलाचं पुढे काय? (कोल्हापूर)

उत्तर : रुकी असेल तर तो आधी वेव्हर्सवर जातो. २४ तासांत दुसरा कुठलाही संघ त्याच्यावर हक्क सांगू शकतो. कोणी सांगितला नाही तर त्याचाच संघ त्याला १६ जणांच्या सराव पथकात घेऊ शकतो. तिथे तो आठवडाभर पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा क्वार्टरबॅक बनून आपल्याच पहिल्या फळीच्या बचावासमोर खेळतो.