केमो चालू असताना प्रोबायोटिक द्यावं का? पोटातल्या बॅक्टेरियांचा स्तनाच्या कॅन्सरशी खरंच संबंध असतो का?

तुम्ही लिहिलंय की आईची केमो पुढच्या आठवड्यात सुरू होतेय आणि नात्यातल्या कुणीतरी ‘पोटातले बॅक्टेरिया सुधारले की औषध जास्त लागू पडतं’ म्हणून प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत ‘चांगल्या’ बॅक्टेरियांच्या, कॅप्सूल आणून दिल्यात. त्या आधी कपाटात ठेवा, मग पुढचं वाचा.

संबंध आहे, ती थाप नाही. काम झालेल्या इस्ट्रोजेनला यकृत ग्लुकुरोनिक आम्लाचा एक तुकडा चिकटवतं. त्यामुळे ते पित्तातून आतड्यात उतरतं आणि शौचावाटे बाहेर जायला तयार होतं. पण आतड्यातल्या काही बॅक्टेरियांकडे बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाचं एन्झाइम असतं. ते हा तुकडा कापतं आणि मोकळं झालेलं इस्ट्रोजेन परत रक्तात शोषलं जातं. अशा बॅक्टेरियांच्या जनुकांना २०११ मध्ये ‘इस्ट्रोबोलोम’ हे नाव मिळालं. हार्मोन-पॉझिटिव्ह गाठ इस्ट्रोजेनवर पोसते, म्हणून याला महत्त्व. तरी बॅक्टेरिया बदलून गाठ आटोक्यात आणता येते, असा पुरावा नाही. लेट्रोझोल किंवा टॅमोक्सिफेन या हार्मोनविरोधी गोळ्यांना हा पर्याय नाही.

हेच एन्झाइम औषधातही लुडबुड करतं. ट्रिपल निगेटिव्हमध्ये, म्हणजे हार्मोन आणि HER2 या तिन्ही खुणा नसलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये, काही टप्प्यांवर सॅसिट्युझुमॅब गोव्हिटेकॅन हे औषध देतात. त्यातला मारक भाग, एसएन-३८, यकृत त्याच पद्धतीने निकामी करून आतड्यात सोडतं. बॅक्टेरियांनी तुकडा कापला की औषध तिथेच जागं होतं, अस्तर सोलवटतं आणि जुलाब लागतात. इरिनोटेकॅन या केमोच्या औषधाच्या बाबतीत हे नीट दाखवलं गेलंय, आणि एसएन-३८ त्याचंच सक्रिय रूप. अशा जुलाबात आधी डॉक्टरांना फोन करून जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहायचं. मग प्रौढांना सहसा लोपेरामाइड ४ मिग्रॅ, पुढे प्रत्येक पातळ शौचानंतर २ मिग्रॅ, दिवसाला जास्तीत जास्त १६. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर ही गोळी आपल्या मनाने देऊ नका.

गाठीच्या आतही बॅक्टेरिया सापडतात. सात प्रकारच्या कॅन्सरचे दीड हजारांवर नमुने तपासणाऱ्या २०२० च्या अभ्यासात सर्वाधिक विविधता स्तनाच्या गाठींमध्ये दिसली. पण तिथे ते इतके कमी असतात की प्रयोगशाळेच्या रसायनांतला डीएनएसुद्धा निकाल बिघडवतो. कॅन्सरच्या नमुन्यांतल्या सूक्ष्मजीवांवरचा, त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये आलेला एक गाजलेला शोधनिबंध २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. म्हणून ‘मायक्रोबायोम टेस्ट’वर, म्हणजे शरीरातले बॅक्टेरिया मोजणाऱ्या तपासणीवर, हजारो रुपये घालवू नका. तिच्या रिपोर्टवरून केमोचा एकही डोस बदलत नाही.

आता कॅप्सूल. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशींचे काउंट तळाला जातात आणि आतड्याचं अस्तरही सैल झालेलं असतं. अशा वेळी कॅप्सूलमधले जिवंत बॅक्टेरिया रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत. पोर्ट (केमो देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली, शिरेला जोडलेली डबी) बसवला असेल तर धोका आणखी. फायद्याचं म्हणाल तर इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागवणारे उपचार) घेणाऱ्या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, रुग्णांवरच्या २०२१ च्या अभ्यासात रोज निदान २० ग्रॅम चोथा (फायबर) खाणाऱ्यांची गत बरी दिसली. प्रोबायोटिक घेणाऱ्यांना फायदा दिसला नाही. कॅन्सर वेगळा आहे, पण माझा कल भाकरीकडे. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात, म्हणजे दोनेक भाकऱ्यांत, सुमारे १० ग्रॅम चोथा येतो. वर वाटीभर मटकीची उसळ, नीट शिजवलेली. कच्चे मोड नकोत. तोंड आलं असेल किंवा जुलाब असतील तर हे सगळं थांबवून मऊ भात. दह्याबद्दल रुग्णालयांचे नियम वेगवेगळे आहेत. काउंट खाली असताना घरच्या विरजणाचं बऱ्याच ठिकाणी नको म्हणतात, तेव्हा आहारतज्ज्ञांना विचारून घ्या.

अँटिबायोटिकचा मुद्दा मात्र नाजूक आहे. उंदरांमध्ये सायक्लोफॉस्फामाइड या केमोच्या औषधाचा परिणाम अँटिबायोटिकने घटल्याचं २०१३ मध्ये दिसलं. इम्युनोथेरपीच्या सुमारास अँटिबायोटिक घेतलेल्या फुप्फुस आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांचे निकालही कमी चांगले आले. यावरून एवढंच घ्यायचं की साध्या सर्दीला मेडिकलमधून अझिथ्रोमायसिन आणून देऊ नका. केमोतला ताप ही निराळी गोष्ट. १००.४ फॅरनहाइट तासभर टिकला किंवा एकदाच १०१ दिसला, तर पॅरासिटामॉलने उतरवत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट कॅज्युअल्टी गाठा आणि पोहोचताच केमो चालू असल्याचं सांगा, कारण तिथे अँटिबायोटिक तासाभरात शिरेत जायला हवं.