रॅम्प आहे, पण चढता येत नाही

प्रश्न : माझा मुलगा 19 वर्षांचा आहे, व्हीलचेअर वापरतो. सांगलीत गावभागाजवळच्या एका इमारतीत त्याचा अकाउंटिंगचा क्लास आहे. 2019 च्या पुरानंतर मालकांनी इमारत पाडून नवी बांधली आणि जोतं उंच घेतलं. आता दाराला सहा पायऱ्या आहेत. बाजूला रॅम्प आहे, पण मी एकटीने खुर्ची ढकलली तर अर्ध्यावर हात सुटतो. क्लासमधली दोन मुलं येतात तेव्हाच तो वर जातो. मालक म्हणतात, ‘‘रॅम्प दिलाय की. शिवाय ही खासगी इमारत आहे.’’ हे बरोबर आहे का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी टेप घ्या. एका पायरीची उंची मोजा. साधारण सहा इंच भरली तर सहा पायऱ्यांचे तीन फूट झाले. मग रॅम्प जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो, त्यांतलं जमिनीवरचं आडवं अंतर मोजा. उतारावरून टेप टाकू नका. तीन फूट चढायचे असतील तर किमान 36 फूट लांबी हवी. यालाच 1:12 म्हणतात. व्हीलचेअरसाठी ही शेवटची मर्यादा आहे, उंची जास्त असेल तर चढ याहूनही सौम्य ठेवायचा. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं, तो रॅम्प 14-15 फुटांच्या पुढे नसेल. म्हणजे जवळजवळ 1:5. तो मोटारसायकल वर घेण्यासाठी ठीक आहे.

मालकांची अडचण मला कळते. त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. ज्यांच्या दुकानातला माल गेला, ते जोतं उंच घेणारच, आणि घ्यावंही. पण जोतं तीन फूट वर गेलं की दारासमोरची जागाही वाढवून धरावी लागते. ती कुणी धरत नाही. पुरानंतर बांधलेल्या किती तरी इमारतींत हेच दिसतं: जोतं पुराच्या हिशेबानं आणि रॅम्प उरलेल्या जागेच्या हिशेबानं.

यात माझाही वाटा आहे, तो लपवत नाही. नोकरीत असताना 1:8 चढाच्या एका रॅम्पच्या नकाशावर मी सही केली होती. ‘रॅम्प’ असं लिहिलेलं दिसलं, खूण केली, पुढचा कागद घेतला. गेल्या वर्षी आक्काला घेऊन त्याच इमारतीत जायची वेळ आली. तिची खुर्ची उलटी फिरवून मागे ओढत वर न्यावी लागली. वर पोचल्यावर ती म्हणाली, ‘‘बाळ्या, हे कुणी बांधलंय रं?’’ मी काही बोललो नाही.

आता ‘खासगी इमारत’ या मुद्द्याबद्दल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये सार्वजनिक इमारतीची व्याख्या मालकी कुणाची यावर नाही, लोक तिथे कशासाठी येतात यावर आहे. शिक्षण, व्यापार, दवाखाना, नाट्यगृह, देऊळ अशा कामासाठी लोक येत असतील तर खासगी इमारतही त्यात येते. क्लासची इमारत नक्की येते. याच कायद्यात म्हटलं आहे की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज ये-जा करता यावी यासाठीचे, नियम पाळले नसतील तर बांधकाम परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये. जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे तीही केव्हाच उलटली. तुमची इमारत तर 2019 नंतरची. ‘हे सगळं सल्ल्यासारखं आहे, सक्ती नाही’ असं कुणी म्हणालं तर नोव्हेंबर 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगा. सुगम्यतेचे किमान नियम बंधनकारकच हवेत, असं न्यायालयाने त्यात म्हटलं आणि केंद्र सरकारला ते तीन महिन्यांत करायला सांगितलं.

पण भांडायच्या आधी मालकांपुढे पर्याय ठेवा. सरळ 36 फूट जागा कुणाकडेच नसते. रॅम्प जिन्यासारखा दुमडता येतो: अर्धा चढ, मग दीड मीटर चौरस सपाट जागा, मग उलट दिशेने उरलेला चढ. रुंदी किमान चार फूट. वर दारापाशीही तेवढीच सपाट जागा हवी, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागे घसरते. दोन्ही बाजूंना कठडा हवा आणि कडेला चार बोटांची कड हवी, म्हणजे चाक बाहेर जाणार नाही. कृपा करून चकचकीत ग्रॅनाइट नको! झाडूने रेघा ओढलेलं काँक्रीट चांगलं. छोटी लिफ्टही बसवता येते, पण सांगलीत तिची मोटर आणि पॅनेल वर ठेवायला सांगा, खड्ड्यात ठेवली तर पहिल्याच पुरात गेली.

मालक ऐकत नसतील तर माहिती अधिकारात महापालिकेच्या नगररचना विभागाकडून मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत वापरायला दिलेल्या परवानगीची) प्रत मागा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. कागदावर रॅम्प बहुधा 1:12 च दाखवलेला असतो. नकाशातला आकडा आणि तुमच्या टेपचा आकडा शेजारी शेजारी लिहून आयुक्तांकडे तक्रार द्या. तरीही हललं नाही तर पुण्यातल्या राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जा. त्यांना माणसं आणि कागद हजर करायला सांगण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. अर्जात ‘चढ फार आहे’ एवढंच लिहू नका, आकडे लिहा.

प्रश्न : मी मिरजेत राहतो, पांढरी काठी वापरतो. नव्या फुटपाथवर पिवळ्या फरशा आहेत, पण त्यांच्यावरून चालत गेलो की थेट विजेच्या डीपीवर आदळतो. त्यांचा नक्की उपयोग काय?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ज्यांवर लांब रेघा आहेत त्या फरशा ‘पुढे चला’ म्हणतात आणि ज्यांवर ठिपके आहेत त्या ‘थांबा, इथे काहीतरी आहे’ म्हणतात. डीपीपुढे रेघांची फरशी संपत असेल तर ठेकेदाराने तो रंगीत नक्षीचा प्रकार समजून लावला आहे. डीपी हलत नसेल तर फरशांची ओळ आधीच वळवून बाजूने न्यायला हवी आणि वळणावर ठिपक्यांच्या फरशा हव्यात. दुकानांच्या लोंबत्या पाट्याही तक्रारीत घाला. काठीला खालचं कळतं, कपाळाच्या उंचीवरचं कळत नाही. आणखी एक: स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. त्यातले किती आणि कशावर खर्च झाले, हे तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांना लेखी विचारा. उत्तर आलं तर मला कळवा, पुढच्या अंकात छापतो.