दिवेलागणीचं रडं

अगं, रोज संध्याकाळी बाळ किंचाळतं म्हणजे तुझं दूध कमी पडतंय असं नाही. हा पोटशूळ साधारण ६ व्या आठवड्यात शिगेला पोचतो आणि बहुतेक बाळांचा ३-४ महिन्यांत आपोआप ओसरतो.

माझा लेक मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन लालबुंद व्हायचा. मी त्याला डाव्या हातावर पालथं घ्यायचे, गाल कोपराच्या खळगीत, माझा पंजा त्याच्या मांड्यांमध्ये, आणि परळच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत येरझाऱ्या. लोकल धडधडत गेली की गप्प! गाड्या थांबल्या की टेबलफॅनची घरघर. पाजल्यावर खांद्यावर उभं धरून ढेकर काढ, घाई नको.

शेजारच्या काकू मध चाटवायला सांगतील. हसून मान डोलव, पण वर्षाच्या आत मध अजिबात नाही. घुटीही नको.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, दूधच सोडलं, तर मध्यरात्रीसुद्धा डॉक्टर गाठ. आणि तुझंच डोकं फिरायला लागलं तर त्याला पाळण्यात उताणं ठेव, पाच मिनिटं गॅलरीत जा. गदागदा हलवायचं मात्र नाही, कधीच.