मालवणच्या मित्राने एकट्याने रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून होणाऱ्या मासेमारीवर, वीस मिनिटांचा गेम बनवलाय. त्याला न दुखावता खरा अभिप्राय कसा द्यावा?

आधी खेळताना तुमचं काय झालं ते क्रमाने सांगा, मत त्यानंतर. ‘कंट्रोल बेकार आहेत’ यातून त्याला काहीच दुरुस्त करता येत नाही. ‘जाळ्याचा दोर ओढायला चार वेळा बटण दाबलं, मग कळलं की दाबून धरायचं होतं’ यातून लगेच येतं. मी रत्नागिरीत दोन मित्रांचे गेम रिलीजआधी तपासलेत. दोघांनीही माझे उपाय बाजूला ठेवले, पण अडलेल्या जागांची यादी जशीच्या तशी वापरली. म्हणून:

- पहिल्यांदा खेळताना स्क्रीन रेकॉर्ड करा, त्याला मधे काही विचारू नका. पहिला अनुभव एकदाच मिळतो.
- फोन कुठला, गेम कुठे अडकला, त्याआधी काय केलंत, हे लिहा.
- आवडलेलंही नेमकं सांगा, नाहीतर पुढच्या बदलात तेच उडवलं जाईल.

आणि तुम्हीही किनाऱ्यावरचे असाल, तर तेही कामी आणा. रापण दोन्ही टोकांनी माणसं मिळून किनाऱ्याकडे ओढतात. गेममध्ये एकटाच ओढत असेल तर जरूर सांगा. जुलैत ट्रॉलर समुद्रात दिसला तरीही, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. मात्र गेम उद्याच प्रसिद्ध होणार असेल तर फक्त गेम बंद पाडणारे दोष कळवा. रचनेबद्दलचं बोलणं आठवडाभराने, निवांत, समोर बसून करा.