जमिनीच्या सर्वेक्षणात येतोयस? आधी दांडा धर

पदवी की पदविका, यावर फार डोकं खपवू नकोस. पदविकेने साइटवर लवकर उतरशील. मात्र हद्दीच्या नकाशावर स्वतःची सही करायची, तर बऱ्याच देशांत परवाना लागतो आणि त्यासाठी परवानाधारकाच्या हाताखालचा अनुभव बघतात.

त्रिकोणमिती पक्की कर. कोनात २० सेकंदांची (सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) चूक झाली, की १०० मीटरवर बिंदू जवळपास १ सेंटीमीटर सरकतो. टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) आकडा निमूट दाखवतं, चूक आपणच पकडायची. म्हणून प्रिझमचा (यंत्राचा किरण परत पाठवणाऱ्या काचेचा) दांडा धरायचं काम मिळालं तरी घे. दांडा सरळ राहावा म्हणून त्यावरचा बुडबुडा मध्यावर ठेवणं, लेव्हलिंग (उंचीची मोजणी) पुन्हा बेंचमार्कवर (उंची ठाऊक असलेल्या खुणेवर) आणून फरक तपासणं तिथेच अंगवळणी पडतं. ड्रोन नंतर (मोह होणारच!). जमिनीचा कायदा मात्र आतापासून वाच. जुने दस्त उलगडणारे सर्वेक्षक फार थोडे भेटतात.