रुब्रिक वर्गात नेण्याआधी

पहिल्यांदाच मुलांकडून एकमेकांचे प्रोजेक्ट तपासून घेणार आहेस, तर रुब्रिकमध्ये, म्हणजे निकष आणि त्यांच्या पातळ्या मांडलेल्या तक्त्यात, रकान्यांची हौस आवर. मी माझ्या पहिल्या वर्षी नऊ निकषांचा तक्ता केला होता. शेवटच्या तासाला, विरारची लोकल डोळ्यांसमोर असलेल्या मुलांनी सगळीकडे ‘चार’ टाकून तो परत केला. चूक त्यांची नव्हती.

फाल्चिकोव्ह आणि गोल्डफिंच या संशोधकांनी २००० साली, मुलांनी एकमेकांना दिलेल्या गुणांवरचे ४८ अभ्यास एकत्र तपासले. नीट समजलेल्या निकषांवर मुलं एकच एकूण गुण देतात, तेव्हा ते शिक्षकांच्या गुणांशी जास्त जुळतात. बारीकबारीक मुद्द्यांना वेगवेगळे गुण दिले की कमी, असं त्यांना दिसलं. म्हणून तीन-चार निकष पुरे.

‘उत्तम’, ‘बरं’ असले शब्द मात्र नकोत. ‘प्रत्येक दाव्यामागे आधार दिला आहे’, ‘काही दावे आधाराविना आहेत’ असं लिही, म्हणजे वाद कागदावर होतो, माणसावर नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, आधी गेल्या वर्षीचा एखादा निनावी प्रोजेक्ट सगळ्यांना तपासायला दे. कुणी दोन देईल, कुणी पाच. मग का, ते बोलू दे. या तासात जे शिकणं होतं ते पुढच्या चार लेक्चरांत होत नाही (निदान माझ्या तरी).

मैत्रीचे गुण पडणारच. नावं झाक, एका कामाला तीन तपासनीस ठेव आणि मधला गुण घे. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरमधलं ‘वर्कशॉप’ तपासणाऱ्यालाही वेगळे गुण देतं, ते वापर. अंतिम गुणांची सही मात्र तुझीच.