पोरगी घरीच शिकली तं काय बिघडते?

प्रश्न: नमस्कार बाई, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, पाच एकर कोरडवाहू आहे, कापूस अन् तूर. पोरगी साडेचार वर्षांची. जूनमध्ये तिला तालुक्याच्या कॉन्व्हेंटात केजी वनला टाकलं होतं. सकाळी सातला व्हॅन येते, १४ किलोमीटर जाणं अन् तेवढंच येणं, पोरगी व्हॅनमध्येच झोपते, डबा जसाच्या तसा वापस. दिवाळीनंतर तं व्हॅनचा हॉर्न आला की कोठ्यात गाईच्या मागे जाऊन लपे, मग मी पाठवणंच बंद केलं. आता सासूबाई म्हणतात पोरीचं वर्ष वाया गेलं, अन् जाऊबाई माझ्यासमोर मुद्दाम आपल्या पोराकडून एबीसीडी म्हणवून घेतात. मी बारावी झालेली आहे. मोबाईलवर पाहते तं लोक लेकरांना खेळातून घरीच शिकवतात, पण त्यांच्याकडे लाकडाचे मणी, कार्ड, वेगळी खोली. आमच्याकडे काय आहे? अन् घरी ठेवलं तं पुढे शाळेत घेतील का? (एक आई, ता. दारव्हा)

उत्तर: शेवटचं आधी सांगून टाकते म्हणजे रात्री झोप लागेल तुला. घेतील. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, अन् तो ६ ते १४ वर्षांच्या लेकरांसाठी आहे. सहाच्या आत शाळेची सक्ती नाही, पहिलीत घेताना लेकराची परीक्षाही घेता येत नाही. सहा पूर्ण झाले की मात्र नाव घालायचं, ते आईबापाचं कर्तव्य म्हणून त्याच कायद्यात लिहिलेलं आहे, तेव्हा पुढचं दीड वर्ष तुमचं दोघींचं.

आता आमच्याकडे काय आहे म्हणतेस. सध्या तुझ्या ओसरीत तुरीच्या हिरव्या शेंगांचा ढीग असेल, सोल्याच्या भाजीसाठी रोज सोलत असशील. पोरीला बाजूला बसव. एक शेंग हातात दे अन् म्हण, सोलू नको, आधी अंगठ्यानं चाचपून सांग आत किती दाणे आहेत. ती म्हणेल तीन. मग सोला. निघाले चार. हसू द्या. दहा-बारा शेंगा झाल्या की तिचा अंगठाच मोजायला लागतो, एक-दोन-तीन न म्हणता. मग तीनवाल्या शेंगांची टरफलं इकडे, चारवाल्यांची तिकडे, अन् भोक पडलेली शेंग सापडली की आतली अळी पाहायला पाच मिनिटं थांबायचंच, भाजीला उशीर झाला तरी. शेवटी कोणता ढीग मोठा ते तीच सांगते, तू विचारायची गरज नाही. टरफलं बकरीला नेऊन टाकायचं काम पण तिचंच.

यात एक गोष्ट सांभाळ, अन् ही चूक मी स्वतः बरीच वर्षं केली, आधी बालवाडीत अन् मग घरी नातवासोबत. आपण मास्तरीण होऊन बसतो. "हा कोणता कलर? हे किती? नीट सांग!" लेकराला लगेच समजते की हा खेळ नाही, ही परीक्षा आहे, अन् ते उठून जाते. सोलणं खरं पाहिजे, भाजी खरी पाहिजे, रात्री ताटात तिनं सोललेले सोले पडले पाहिजेत.

हे काही मोबाईलवाल्यांचं नवीन शोधलेलं नाही. तुझ्या शेजारच्या वर्धेला ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली, नई तालीम तिथूनच पुढे आली, हातानं काम करता करता शिकायचं, तकलीवर सूत काढता काढता गणित. तिकडे डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर लहान लेकरांच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक अन् अनुताई वाघांनी ढोरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली, जिथं पोरं तिथं शाळा. त्यामानानं तुझं बरंय, पोरगी अन् कापूस दोन्ही घरातच आहे. पसाभर कापूस एका हातात दे, पसाभर तूर दुसऱ्या हातात, जड कोणतं विचारू नको, तिचा हातच खाली जाते. काटा लावला असेल तर तिची छोटी ओटीही, कापूस वेचताना कमरेला बांधते ती, एकदा लटकवून पाहा.

संध्याकाळी अष्टाचंग. चार चिंचोक्यांच्या डाळी, अंगणात कोळशानं पाच बाय पाच घरं. तीन पांढरे पडले की तीन घरं, सगळे पांढरे तर चार, सगळे काळे तर आठ. गोटी मारली गेली की रडेल, रडू दे, हरणं पण शिकायचंच आहे. अन् भुलाबाईची खिरापत आठवते का, डबा वाजवून दाखवायचा अन् पोरी विचारतात गोड का तिखट, कोरडं का ओलं. ते भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंतच का ठेवायचं, रोजच्या डब्याचं कर. यंदा तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल विकत आणला असशील, पुढच्या वर्षी मातीचा घरी करा, शिंगं तुटतील, परत लावा.

दोन गोष्टी मात्र कान धरून सांगते. चिंचोके, तुरीचे दाणे, सरकी यांच्याजवळ तीन वर्षांच्या आतलं लेकरू एकटं सोडायचं नाही, नाकात घालतात. माझ्या भाच्यानं घातला होता, घरच्यांनी पिन घेऊन काढायला पाहिला अन् दाणा आणखी आत गेला, शेवटी डॉक्टरकडेच न्यावं लागलं. दुसरं, फवारणी झालेल्या वावरात तिला नेऊ नकोस, औषधाचे रिकामे डबे-बाटल्या खेळायला तर मुळीच नाही. २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, वेगळं काय सांगू.

अन् अंगणवाडी सोडू नको गं. फुकट आहे, तीन ते सहाच्या लेकरांसाठीच आहे, पायी जाता येते. तिथं काय शिकवतात म्हणून नाक मुरडतेस ना? नसेल शिकवत फार, पण तिथं दुसरी पोरं आहेत, भांडायला अन् परत दोस्ती करायला. ते घरी एकटीच्या अंगणात कुठून आणशील?

सासूबाईंना विरोधात धरू नको. त्यांना जात्यावरच्या ओव्या येत असतील, उखाणे येत असतील, रोज एक पोरीला शिकवा म्हण. आठ दिवसांत वर्ष वाया जाणं बंद होईल बघ. जाऊबाईंना एबीसीडी म्हणवून घेऊ दे. अन् शेंगांचं लवकर सुरू कर, संक्रांत झाली की त्या वाळतात, मग सोलताना तिची बोटं दुखतील.

प्रश्न: मुलगा चार वर्षांचा आहे. चार रेघांची वही आणली, रोज अर्धा तास बसवतो, पण पेन्सिल फेकून देतो. सवय कशी लावावी? (एक वडील, जि. वर्धा)

उत्तर: भाऊ, मनगटात आठ छोटी हाडं असतात, या वयात त्यातली बरीचशी अजून कुर्चाच असतात, हाड झालेलीच नसतात. त्याचा हात दुखत असेल म्हणून तो फेकत असेल, हट्टानं नाही. वर्षभर वही बंद. लसूण सोलू द्या, कणकेचा गोळा मळू द्या, कपड्यांना चिमटे लावू द्या, जाड खडूनं अंगणभर रेघा ओढू द्या, बोटांत जोर आला की पेन्सिल आपोआप धरेल. अन् ती वही आणलीच आहे तर किराण्याचा हिशेब लिहा तिच्यात.